झीज

सॅलोमी ब्रूबेकरच्या कोठारात
गाईंच्या दावणीपाशी आता शेगडी आहे.
पेनसिल्व्हेनियातला फेब्रुवारी, काचेला आतूनही बर्फ.
टेबलावर लिंडनच्या लाकडाचा ठोकळा
आणि शिसपेन्सिलीनं उतरवून आणलेला
गावच्या संग्रहालयातला हत्ती.

ज्यानं तो कोरला
त्यानं हत्ती पाहिला नव्हता.
पाद्र्यानं सांगितलं असेल तेवढंच:
अवाढव्य असतो, नाकानं पाणी ओढतो.
म्हणून पाय कुत्र्याचे,
कान कोबीच्या पानांचे,
डोळे मात्र घरच्या गाईचे,
शांत, किंचित भुकेले.

सॅलोमीनं हत्ती पाहिलाय.
लहानपणी सर्कशीत, मग टीव्हीवर शंभरदा.
पंचाईत तीच.
पटाशी सवयीनं बरोबर पाय काढते,
गुडघा हवा तिथेच येतो,
आणि ती चरफडत ठोकळा शेगडीत टाकते.
या आठवड्यात तीन हत्ती जळाले.

चौथा जमला.
चुकला, असं ती म्हणते, खुशीत.

मग नासक्या दुधात चुना आणि काव कालवून रंग,
त्यावर अक्रोडाच्या सालींचं काळं पाणी,
आणि मग दीडशे वर्षं,
जी तिला बुधवारपर्यंत आणायची असतात.

काचकागद हातात धरून ती बराच वेळ बसते.
झीज कुठेही होत नाही, ती सांगते.
पाठीवर होते, मूल तिथे धरतं.
सोंडेच्या टोकाला, दात येत असतात तेव्हा.
म्हणजे आधी मूल हवं.
याचं मूल: डावखुरी मुलगी, गोवर आलेली,
रजईच्या डोंगरांवरून हत्ती चालवणारी.
कागद डाव्या कुशीवर फिरतो.
मग तळव्यांवर. जरा जास्तच. मुलगी महिनाभर अंथरुणात होती.

मी पार्सलं बांधते, पत्ते लिहिते.
एकदा विचारलं, ही लबाडी नाही का गं?
तिनं हत्ती उलटा केला.
पोटावर तापल्या खिळ्यानं डागलेलं तिचं नाव, चालू साल.
इथे कुणी धरत नाही, म्हणाली,
म्हणून खरं इथे लिहिते.

परवा दुलूथहून एक हत्ती परत आला.
सहा वर्षांपूर्वीचा. कान तुटला, बसवून द्या, बाकी पत्रात काही नाही.
तिनं तो दिव्याखाली फिरवला.
तुटक्या कानामागे,
जिथे तिनं कधी कागद लावला नव्हता,
रंग गेला होता. लाकूड उघडं,
गुळगुळीत, खोलगट.

तिनं आपला अंगठा ठेवून पाहिला.
बसेना.
मग करंगळी.

कान संध्याकाळपर्यंत चिकटला.
त्या खळग्याभोवती तिनं
रंगाचा ब्रश इतक्या लांबून फिरवला
की मला वाटलं, तिथे कुणीतरी झोपलंय.