उसनं मीठ

मीठ राहिलं.
दरवर्षी राहतं.
आई म्हणते, मी पिशवीत ठेवलं होतं.
बाबा म्हणतात, पिशवी तरी आणलीस का?
तीन गाड्यांतून चौदा माणसं, दोन शेगड्या,
व्होल्करच्या मांडीवर तान्ह्या बाळासारखं आलेलं
एक कलिंगड,
आणि मीठ नाही.

टेम्पलहोफच्या या माळावर झाड नावालाच.
विमानतळ होता तेव्हा उंच वाढायची सोय नव्हती कुणाला.
ऊन थेट उतरतं, मध्ये कुणाला न विचारता.
बर्लिनच्या नशिबात असे रविवार मोजकेच,
म्हणून सगळं शहर आज इथं
वाळत घातल्यासारखं पसरलंय.

कोळसा पेटला की नाही यावर
शेवकेत काकांचं आणि माझ्या नवऱ्याचं वाजलंय.
व्होल्कर पुठ्ठ्याने वारा घालतो
तोही पाकिटावरच्या सूचना वाचून.
वांग्यांची सालं तडकतात.
गुल्तेन मावशी दुमजली किटलीवर हात ठेवून बसलीय,
तिच्या परवानगीशिवाय चहा उकळू शकत नाही.

बाबा मात्र चादर अंथरताना
जागा बदलत राहतात.
अजून थोडं पलीकडे. अजून.
आम्ही उचलतो, ठेवतो, उचलतो.
का, ते विचारत नाही कुणी.

एकोणीस वर्षं त्यांनी इथंच सामान चढवलं,
लोकांच्या बॅगा, बर्फावर घसरायच्या फळ्या,
एकदा एक शवपेटी,
एकदा पिंजऱ्यातला पोपट,
ज्याला जेवणाच्या सुट्टीत त्यांनी
दोन तुर्की शिव्या शिकवून पाठवलं.
स्वतः इथून एकदाही उडाले नाहीत.
गावी जायचं ते फोर्ड ट्रान्झिटमधून,
तीन दिवस, तीन रात्री,
आईच्या पायांशी दुसऱ्यांसाठी घेतलेली शिलाई मशीन
आणि माझं डोकं त्या मशीनवर.

मीठ मागायला नेहमी मलाच पाठवतात.
शेजारच्या चटईवर एक व्हिएतनामी कुटुंब.
मीठ मागायचं तर आधी नाव सांगावं लागतं:
मी नेर्मिन. ती थू हा.
तिने कागदाच्या पुडीत दिलं ते मीठ लाल होतं,
मिरची कुटून घातलेलं. फळांवर, म्हणाली.
आईने वांग्यावर टाकलं, कलिंगडावर टाकलं,
डोळ्यांतून पाणी काढत म्हणाली, बरंय की.
बाबांनी लगेच एक ताट भरलं:
खाल्ल्या मिठाला जागायला नको?
ताट घेऊन स्वतःच गेले. अर्धा तास आले नाहीत.

तेवढ्यात त्यांचा कोट मी घडी करायला घेतला
आणि खिशात लागली
मिठाची बरणी.
आईने पाहिलं, मी पाहिलं.
आईने कोट माझ्या हातातून घेतला,
बरणी होती तशी राहू दिली,
आणि काकडी चिरायला बसली.

दुपार कलली तशी धावपट्टी तापून मऊ झाली.
पेलिन पहिल्यांदाच दोन चाकांवर
लांबून येत होती,
ब्रेक कुठला ते विसरलेली, ओरडत,
पतंगवाले, स्केटवाले बाजूला होत होते.
बाबा उठले. बॅडमिंटनच्या दोन रॅकेट उचलल्या,
पट्टीच्या मधोमध उभे राहिले,
आणि हात वर,
ये, सरळ ये,
थोडी डावीकडे,
हळू,
हळू,
दोन्ही रॅकेट डोक्यावर आडव्या: थांब.

ती गवतात आडवी झाली. गुडघा फुटला.
तरी हसत होती.
बाबांना धाप लागलेली.
छान जमतं तुम्हाला, व्होल्कर म्हणाला.
हे माझं काम नव्हतं, बाबा म्हणाले,
ते दुसरे करायचे.
मी खालून बघायचो.

मग त्यांनी तिला उचललं,
दोन्ही हातांनी, पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांत वाकून,
जसं नाजूक सामान उचलायला
पहिल्या दिवशी शिकवलं असेल त्यांना कुणीतरी.