आखूड यादी

दोन्या एदेल्मिराने भिंतीवर दोनदा ठोकलं
म्हणजे, काम आहे, ये.
तीनदा ठोकलं म्हणजे पाव भाजलाय, ये.
त्या दिवशी दोनदाच.

पुंता आरेनासच्या वाऱ्याला चौकात दोर बांधले होते,
माणसं ते धरून रस्ता ओलांडत होती.
मला चारच पावलं जायचं होतं,
तेवढ्यात डोक्यावरची टोपी गेली ती गेलीच,
तपकिरी, आईने विणलेली,
सामुद्रधुनीच्या दिशेने.

कॉम्प्युटर जुना, भट्टीएवढा,
त्यावर लोकरीचं झाकण.
दोन एवारिस्तो गेल्याला आठ महिने झाले,
तेव्हापासून ते कुणी उचललं नव्हतं.

“अक्षरं मोठी कर,” ती म्हणाली,
“मुंग्यांना वाचायला लिहिल्यासारखी आहेत.
आणि हा मेनू अर्धाच उघडतो.
पेन्शनवाल्यांना पत्र लिहायचंय मला,
पत्राची जागा कुठे दडवून गेला हा माणूस?”

अक्षरांचं सोपं होतं.
स्वरूप, आकार, मोठा, अतिमोठा.
पडदा एकदा मिचकला
आणि शब्द इतके जवळ आले
की तिने खुर्ची मागे सरकवली.

मग मेनू.
तळाशी दोन बारीक बाण, एकाखाली एक.
मी समजावलं: हे यंत्र सवयी मोजतं.
रोज लागतं ते हाताशी ठेवतं,
कुणी मागत नाही ते माळ्यावर टाकतं.
फेकत नाही, दोन्या. नुसतं वर टाकतं.
एका खुणेचं काम आहे,
‘नेहमी पूर्ण मेनू दाखवा.’

“म्हणजे हे जे दिसतंय,”
तिने पिठाचं बोट काचेवर टेकवलं,
“हे त्याचं?”

मी खूण करणार होते. माउसवरचं बोट उचललं.

कॅल्क्युलेटर.
एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव.
पोर्वेनीरच्या बोटीचं वेळापत्रक.
छपाई.
आणि चित्रं काढायचा प्रोग्राम.

“चित्रं?” ती म्हणाली.
“चव्वेचाळीस वर्षं धक्क्यावर तिकिटं फाडली त्याने.
या घरात पेन्सिल होती ती वाण्याच्या हिशेबाला.”

उघडलं. पांढरं.
सगळे कप्पे धुंडाळले, तारखांनी, नावांनी,
एकही चित्र नाही.
काढत असणार, आणि बंद करताना
यंत्र विचारतं ना, जतन करू का,
तिथे नाही म्हणत असणार.
काय काढत होता, ते मात्र
त्या यंत्रालाही ठाऊक नव्हतं.

मी खरं तेच सांगितलं:
पूर्ण मेनू लावला तर ही पाच नावं
चाळिसांच्या गर्दीत जातील.
नाही लावला, आणि तू वापरायला लागलीस,
तर हळूहळू तुझ्या सवयी येतील, त्याच्या सरकतील.
आठ महिने हात लागला नाही,
म्हणून तर याच्या लक्षात राहिलं.

ती उठली, परातीतली कणीक उगीच एकदा उलटली.
“आणि पेन्शन काय वारा आणून देणार आहे?”
परत बसली.
“ते बाण दाबले की सगळं दिसतं ना?
मग दाबेन मी. राहू दे आखूड.”

खूण न करताच मी घरी आले.
फी म्हणून दोन अंडी.

ऑगस्टात तीनदा ठोकलं.
पाव कापेपर्यंत मी मेनू उघडून पाहिला.
पत्र आलं होतं खाली उतरून.
पत्त्यांचा डाव होता. कॅल्क्युलेटर गेला होता.
“हिशेब मी वहीत करते,” आतून आवाज आला,
“ते दुसरं मात्र रोज उघडते.
नुसतं उघडून बंद करायचे आधी.
मग वाटलं, उघडलंच आहे तर.”

पडद्यावर तपकिरी काहीतरी होतं,
कडा थरथरत्या, मधे एक भोक,
खाली निळं, बरंचसं निळं.
“तुझी टोपी,” ती म्हणाली. “पोचली असेल एव्हाना पोर्वेनीरला.”

यंत्राने विचारलं, जतन करू का.
माझं बोट पुढे झालं होतं,
तिने ते बाजूला सारलं,
‘नाही’ दाबलं,
आणि म्हणाली, लोणी संपलंय, नुसताच खा.