कॅलेंडरांचा केर

मोंतेविदेओत वर्षातल्या शेवटच्या कामाच्या दिवशी
कचेऱ्यांच्या खिडक्या उघडतात
आणि सरलेलं साल पानापानानं खाली येतं.
वरच्यांची ती मौज.
खाली मी, निदिया बेन्तांकोर, खराटा, हातगाडी
आणि डिसेंबरचं हे तापलेलं ऊन.

वारा काही क्रम पाळत नाही.
आधी ऑक्टोबर आला. शेवटच्या रविवाराला लाल गोल.
आमच्या वस्तीचा माणूस त्या रविवारी पडला,
चारशे मतांनी.
रात्रभर दुसऱ्यांचे भोंगे.
सोमवारी त्याची बायको भिंतीवरून त्याचं तोंड खरवडत होती,
घरातल्या कालथ्यानं.

मग फेब्रुवारी, कुणाच्या तरी कॉफीचा डाग घेऊन.
कार्निव्हल. भाचा चेहरा रंगवून पहिल्या रांगेत गात होता,
समोर मंत्रिसाहेब खो खो हसत होते,
त्यांच्यावरचं कडवं येईपर्यंत.
पुढचं हसू आमचं.
बाकांवरची माणसं उठून उभी राहिली,
घामानं भाच्याचा निळा रंग गळ्यापर्यंत उतरला.
बक्षीस तिसरं. असू दे.

जुलै ओला होता (वरून पाणीही ओततात),
बोटाला चिकटला.
जुलैत कोपऱ्यावरचं थिएटर बंद पडलं.
शेवटच्या खेळाला आम्ही नऊजण,
दहावा यंत्र चालवणारा म्हातारा वॉशिंग्टन
(इथं पोरांची अशी नावं ठेवतात, काय करणार).
आता तिथं गाद्या विकतात.

वीस मे. पानावर लिहिलंय: दंतवैद्य, साडेतीन.
त्याच संध्याकाळी आम्ही हमरस्त्यानं चाललो, मुकाट,
हातात नाहीशा झालेल्यांचे फोटो.
या साली एका फोटोची हाडं सापडली.
आई त्याची जानेवारीतच गेली होती,
एकोणनव्वदाव्या वर्षी, दाराला कडी न लावता.
हे पान मी गाडीत टाकलं नाही.
दात कुणाचा दुखत होता, कुणास ठाऊक.

मार्च कुठंच दिसेना.
मार्चमध्ये आमचा संप होता, अकरा दिवस.
शहर नाकाला रुमाल लावून फिरलं,
वर्तमानपत्रवाल्यानं पहिल्यांदा माझं नाव विचारलं
आणि चुकीचं छापलं.
वरच्या खिडक्या तेव्हा घट्ट बंद होत्या.

गाडी भरली. फुटपाथ लख्ख.
सातव्या मजल्यावरून एक पोरगी ओरडली, बाई, बाजूला व्हा!
आणि पुन्हा पांढरं भुरभुरायला लागलं.
मी हलले नाही. मान वर करून उभी राहिले.
म्हटलं, बघू,
यात तरी आहे का.