मागच्या सीटचं माप

खोगिरांना गिऱ्हाईक उरलं नाही.
घोडे म्हातारे झाले, पोरं पिकअप हाकतात.
तरी सुई आहे, मेण लावलेला दोरा आहे,
आणि एस्केलच्या वाऱ्याला कोणी काम सांगत नाही
म्हणून तो दिवसभर माझं दार वाजवतो.

आज वाजलं तेव्हा नेलिदा कुरिकेओ होती,
स्टेपीतल्या शाळेची मास्तरीण.
सोबत धुळीच्या रंगाचा कुत्रा, एक कान अर्धा.
नाव तिसोन, म्हणजे कोलीत.
पुढच्या सीटवर बसतो म्हणाली,
पंजा थेट गियरवर.
माकडाच्या हाती कोलीत परवडलं,
कोलिताच्या हाती गाडी नको.

टेप काढली.
छाती बहात्तर. पाठ, खांदा, पुढच्या पायांमधली जागा.
माप घेताना त्याने माझा कान चाटला.
चाळीस वर्षांत एकाही घोड्याने
इतकी सलगी केली नव्हती.

"गळ्याचं माप?" तिने विचारलं.
गळ्याचं नको, बाई.
गळपट्टा नावापुरता, हाक मारण्यापुरता.
हिसका बसला तर तो छातीने सोसायचा,
मानेने नाही.
माणसांचं मला ठाऊक नाही, मी चामडं शिवतो.

आणि पट्टा आखूड.
उठता यावं, स्वतःभोवती फिरून बसता यावं,
काचेला नाक टेकता यावं,
पण पुढच्या दोन सीटांच्या फटीत
डोकं घुसता कामा नये.

"एवढासा? रडेल तो."
रडेल. पहिले वीस किलोमीटर.

ती गप्प झाली. मग कुत्र्याकडे बघत म्हणाली,
"शनिवारी दीडशे किलोमीटर जायचं,
रविवारी दीडशे यायचं.
बाजूची सीट रिकामी असते.
बोलायला कोणीतरी लागतं हो."

मागूनही ऐकू येतं, मी म्हणालो.

एका जुन्या खोगिराची शिवण उसवली,
आतली लोकर पिंजली,
छातीच्या पट्ट्याखाली दाबून भरली.
खोगीरभरती म्हणून लोक हसतात ती हीच.
बरगड्यांना विचारा तिची किंमत.

शिवताना लेचुसा आठवली.
पांढरी, गोल डोळ्यांची, माझ्या मांडीवर बसायची,
हनुवटी खिडकीच्या कडेवर.
ग्वालहाइनाचा खडीचा रस्ता. वळणावर ग्वानाको.
मी ब्रेक दाबला.
ब्रेक गाडीला लागतो.
मांडीवरच्या वजनाला तो कोणी सांगत नाही.

मला ओरखडाही आला नाही.
हे वाक्य तीस वर्षांत मी कुणापुढे उच्चारलं नाही,
नेलिदापुढेही नाही.
तिला इतकंच सांगितलं,
दुहेरी टाका घालतोय, पैसे तेवढेच.

महिन्याने ती परत आली,
बक्कल थोडं घासतंय म्हणून.
तिसोन मागे, पाय पसरून,
जणू गाडीचे हप्ते तोच भरतो.
"आता झोपतो," ती म्हणाली,
"रडला तो अकरा किलोमीटर. मोजले मी.
आरसा जरा खाली वळवलाय,
म्हणजे बोलताना तोंड दिसतं त्याचं."

आरसा रस्त्यासाठी असतो, बाई.
हात घालून मी तो सरळ केला.
ती हसली. कोपऱ्यावर वळायच्या आत
तिने तो पुन्हा खाली केला असणार.

पण त्याआधी मी मागचं दार उघडलं होतं.
बक्कलची कड कानशीने गुळगुळीत केली,
खटका लागल्याचा आवाज ऐकला,
पट्टा ओढून पाहिला,
पुन्हा एकदा ओढून पाहिला.
तिसोनने कंटाळून जांभई दिली.
तिसऱ्यांदा कुणासाठी ओढला
ते त्याला कळायचं कारण नव्हतं.