चार शून्यं

नियमांच्या यादीत, सतराव्या ओळीत
चार शून्यं होती, मधे टिंबं,
शेवटी तिरकी रेघ आणि आणखी एक शून्य.
वहीत शून्य म्हणजे काहीच नाही.
इथे शून्य म्हणजे कोणीही यावं.

शेजारी शेरा: तात्पुरतं. अंतेरो.
तारीख तीन वर्षांपूर्वीच्या जूनची.
अंतेरो आता ओउलूला बोटी दुरुस्त करतो.
त्याचं तात्पुरतं इथेच राहिलं,
बदली न झालेल्या कारकुनासारखं.

आत काय आहे म्हणाल, तर कान.
रेनडिअरचे कान: कुणाचा उजवा टोकाला कातरलेला,
कुणाचा डावा, खालून दोन खाचा.
मालकाचं नाव, कळप, पाडसांची मोजणी,
मांसाचे पैसे जमा होतात ते खातं.
इनारीच्या माणसांनी सुरीने लिहिलेली ही लिपी
माझ्या वडिलांना अंधारात बोटांनी वाचता यायची.
आता ती दूर दक्षिणेत, समुद्राकाठच्या कुठल्याशा इमारतीत
कुणाच्या तरी मशीनवर भाड्याने राहते.

मी नोंदी उघडल्या.
रात्री तीन चौदाला कुणीतरी दार ठोठावलेलं.
तीन पंधराला पुन्हा. मग सेकंदाला एकदा.
नाव सांगितलं अ‍ॅडमिन. मग रूट. मग टेस्ट.
मग, का कोण जाणे, मारिया.
चोर नव्हे; चोराला निदान घर ठाऊक असतं.
हा नुसता वारा,
जगातली सगळी दारं ओळीने ढकलून पाहणारा.
पासवर्ड होता आमचा, नाही असं नाही.
पण फाटक नसलेल्या अंगणात
कडीच्या भरवशावर झोपणं म्हणजे काय
ते लांडगा पाहिलेल्याला सांगावं लागत नाही.

डिसेंबरातली दुपार, अडीचलाच मिट्ट काळोख.
मी ओळ पुसली.
सार्वजनिक प्रवेश: बंद.
यंत्राने विचारलं, नक्की?
कार्यालयाचा पत्ता तेवढा आत घेतला,
कत्तलखान्याचा, आणि पशुवैद्य काइसाचा.
कितीतरी दिवसांनी कॉफी गरम असताना प्याले.

सकाळी सहाला फोन. नीलास.
डोंगरावरच्या खोपटातून, वाऱ्यात तुटत:
"एल्ली, माझे कान दिसत नाहीत."
कुंपण भरलेलं, दोनशे जनावरं आत
घड्याळाच्या उलट गोल फिरतायत,
आणि बिनखुणेच्या एका पाडसावर दोघांचा दावा.
मी त्याच्या फोनचा पत्ता विचारला, तर हसला.
टेकडी बदलली की पत्ता बदलतो म्हणे.

तेव्हा कळलं, अंतेरो आळशी नव्हता.
त्यानेही असाच एक फोन उचलला असणार,
आणि एका म्हाताऱ्यासाठी
सगळं जग आत घेतलं.

मी तसं केलं नाही.
त्याच्या फोनपासून कार्यालयापर्यंत बोगदा खणायला
मला चाळीस मिनिटं लागली.
हातमोजे काढून चावी टाइप करायला
त्याला आणखी वीस.
शिव्या सामीत देत होता. माझी सामी कच्ची,
म्हणून सावकाश, नीट कळाव्यात अशा.

आणि पाडसाचं?
"ते झालं केव्हाच," म्हणाला.
"आई घुरघुरली, ते धावत गेलं.
तुझ्या यंत्राला विचारायच्या आत."

नव्या ओळीशेजारी शेरा लिहायचा होता.
तात्पुरतं लिहिलं. खोडलं.
मग लिहिलं:
डावा, खालून दोन खाचा.