पाव फेरा

कनाडिया रोडवर, गार्डनच्या मागच्या भिंतीशी
गाडी उघडीच उभी.
नवरदेव उतरून गेला तेव्हापासूनची.
सीटवर शेवंतीच्या पाकळ्या,
कुणा पोराची एक मोजडी
आणि ओवाळताना फाटलेली दहाची अर्धी नोट.

रात्रीचे पावणेदोन.
माघातलं आभाळ संध्याकाळपासून कुंथत होतं,
आता टपकायला लागलं.
बटण दाबलं.
डिकीचं झाकण उठलं, छत वीतभर वर आलं,
पंपानं एक उचकी दिली
आणि गप्प.

पुन्हा दाबलं. नुसतं टिक.
बदामी चामडं आहे शेठचं,
एक डाग म्हणजे माझे दोन सीझन.

सियागंजातल्या इद्रिसभाईनं सांगून ठेवलेलं:
डिकीत डावीकडचा गालिचा सोल,
पंपाच्या पोटाशी स्क्रू आहे, एल-की घाल,
पाव फेरा. जास्त नाही.
तेल अडून बसलेलं असतं रे, रुसलेल्या जावयासारखं,
ओढू नकोस, नुसती वाट दे.
मग दोघं लागतात.
दोन्ही बाजू एकदम उचलायच्या,
एक हात पुढे गेला की कमान पिळते
आणि पिळलेली कमान
मी पण सरळ करत नाही, माझा बाप पण नाही.

पाव फेरा दिला.
तेलानं सुस्कारा सोडला.
आत मांडवात सात चालले होते,
माझं पाव फेऱ्यात भागलं असतं,
पण दुसरं माणूस?
घोडीवाला केव्हाच गेला. गुरख्याला कंबर.

तेवढ्यात अंधारातून झुंबर आलं.
विझलेलं. खाली ती,
वायरचं वेटोळं खांद्यावर.
जनरेटरची गाडी तिला विसरून निघून गेली होती.
"कईं हुयो, भिया?"
संध्याकाळभर माझ्या बॉनेटपुढे चालली ही बाई,
मी तिची पाठच तेवढी पाहिलेली.

सांगितलं. दोन बाजू, एकदम, पिळता कामा नये.
तिनं झुंबर भिंतीला टेकवलं,
चपला काढल्या,
माझ्या तोंडून "अहो, सीट" निघायच्या आत
मागच्या सीटवर उभी राहिली
आणि डोक्यावरची चुंबळ सारखी करून
छताखाली शिरली.

बाजू तिला माहीतच नव्हत्या.
तिला मध्य माहीत होता.

मान ताठ, गुडघे सैल,
लोखंडाच्या कमानी एकेक करून उघडत
छत तिच्या डोक्यावरून पुढे निघालं,
मी काचेपाशी हात वर करून.
ते जसं उतरत आलं
तशी ती खाली बसत गेली, सावकाश,
भरली घागर उतरवतात तशी,
शेवटी दोघंही आत, अंधारात,
ती मागे, मी पुढे.

आरशावरची टोपी काढून एल-की घातली.
मनगटाला कळ लागेपर्यंत फिरवली.
खट्ट.
आकड्यानं चौकट धरली.

वर कापडावर पाऊस,
ज्वारी पाखडल्यासारखा.
ती छताकडे आतून बघत राहिली, बोट लावून पाहिलं.
"नाव काय?" मी विचारलं.
"सज्जनबाई. मूसाखेडी."

म्हटलं, सोडतो.
पण झुंबर कुठल्याच दारातून आत येईना,
आडवं नाही, तिरपं नाही.
"तो फिर खोलो," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.
झुंबर टाकून यायला ती तयार नव्हती,
हरवलं तर आठ दिवसांची मजुरी.
त्यावर खताची रिकामी गोणी ओढली,
डोक्यावर घेतलं आणि चालू लागली.

मी पहिल्या गिअरमध्ये, तिच्या मागे.
रोजचाच वेग आहे हा,
पाय क्लचवर आपोआप बसतो.
बँड नव्हता. नोटा कोणी उडवत नव्हतं.
हेडलाइटचा उजेड तिच्या टाचांपुढे पडत होता
आणि बायपासचा कुत्रा
कुणाची वरात म्हणून
थोडा वेळ बरोबर आला.