जीभ वर कर

नऊ वाजले की ट्रॉली घेऊन निघते.
द्रुपदा कुंभारच्या खाटेकडे जाताना
मुद्दाम चपला वाजवते.
मागून कुणी न बोलता आलं
की तिला वखारीतला मुकादम आला वाटतो.

पाणी. गोळी. पाणी.
मग, आ कर. जीभ वर कर. उजवीकडे. डावीकडे.
शेजारच्या गंगव्वाला, नालिगे मेलेत्तु.
बेळगावच्या या वॉर्डात
एकाच टॉर्चनं दोन्ही भाषा उघडून बघायच्या.
खाली सारखीच निळी शीर
आणि तिच्या आडोशाला
एक गोळी मावेल एवढी जागा.

निपाणीहून भाऊ सोडून गेला, त्या दिवशीचा फॉर्म कानडीत आहे.
आवाज ऐकू येतात, असं लिहिलंय.
कुणाचे, ते लिहायला रकाना नाही.
मी विचारलं होतं एकदा, कानडीत बोलतात की मराठीत?
"चेकर हाय त्यो. त्याला कसली भाषा?
छाट, छाट म्हणतोय नुसतं."

मंगळवारी चादरी बदलताना
गादीखाली सापडल्या.
वर्तमानपत्राचं पान टेंभुर्णीच्या पानाएवढं कापून,
म्हणजे नखानं फाडून,
लाल ब्लँकेटचा दोरा उसवून बांधलेल्या
सतरा बिड्या.
एकीत एक पांढरी गोळी.
तोंडं मुडपलेली इतकी नीट
की कुठलाच चेकर छाट काढणार नाही.

मी आधी कारागिरी बघितली.
भीती नंतर वाटली.
हा क्रम मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

नंतरचं सगळं नियमानं.
इन्चार्ज फिलोमिना सिस्टर, डॉक्टर, रजिस्टर.
ब्लँकेट गेलं, त्याजागी बिनदोऱ्याचं काहीतरी आलं.
गोळी बदलली, आता जिभेवर विरघळणारी.
द्रुपदा भिंतीकडे तोंड करून म्हणाली,
"आठच राहिल्या होत्या गे कट्ट्याला."

पंचवीस झाल्यावर काय करणार होतीस?

कॉलेजात शिकवलेलं, असलं आडून विचारायचं नाही.
म्हणून सरळ विचारलं,
मरावंसं वाटतंय का?
तिनं बराच वेळ
मांडीवर नसलेलं सूप सारखं केलं.
"हजारी भरायची होती," म्हणाली.

हे हो होतं की नाही
मला अजून कळलेलं नाही.
त्या रात्री दर पंधरा मिनिटांनी उठून
मी तिची छाती वरखाली होताना बघत होते,
आणि तिची बोटं
झोपेतसुद्धा वळत होती, वळत होती,
मी मोजायला लागले आणि दोनशेच्या पुढे
माझंच चुकलं.

परवा तिनं तोंड उघडलंच नाही.
ओठ असे मिटलेले
जसं एखादं तोंड मुडपून बंद केलेलं.
मी म्हटलं, द्रुपदाक्का, आ कर की.
म्हणाली, "रोज माझंच काय?
तू कर."

गंगव्वा उशीवरून उठून बसली.
रजिस्टरमध्ये यावर काही नियम नाही.
टॉर्च तिच्या हातात दिला,
आणि पंधरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
वॉर्डाच्या मधोमध उभी राहून
आ केलं.

तिनं वाकून बघितलं. घाई केली नाही.
जीभ वर कर, म्हणाली. केली.
उजवीकडे. डावीकडे.
माझ्या दाढेतली चांदी तिला दिसली असणार,
सकाळपासून गिळलेलं आणखी काही दिसलं असेल
तर तिनं बोलून दाखवलं नाही.
"तंबाखू खात नाहीस. बरं हाय,"
एवढंच म्हणाली, टॉर्च विझवला,
आणि गोळीसाठी
हात पुढे केला.

नऊ वाजून वीस मिनिटं.
रजिस्टरमध्ये लिहिलं,
गोळी दिली. तोंड तपासलं.

कुणी कुणाचं, ते लिहिलं नाही.